डावा कान

रोज पहाटे सहाला माझ्या बोटांवर
ते केस चिकटवतात. पुरुषाचे, तपकिरी,
चिमट्याने एकेक.
मी झेल्मा, वय अठ्ठावन्न, रीगातल्या एका शाळेची चित्रकलेची बाई,
आणि या सिनेमात
एदुआर्द्स नावाच्या चित्रकाराचे
मनगटापासून पुढचे हात.

मनगटामागे एक देखणा नट आहे.
त्याने कुंचला धरला की वाटतं
आता हा मासा भोसकणार.

साल अठराशे त्र्याण्णव.
खिडकीबाहेरचा बर्फ कागदाचा,
थंडी मात्र खरी,
कारण तोंडातून वाफ दिसायला हवी.

चित्र एकच, पण मी ते सात वेळा काढलंय.
पहिल्यात नुसता कोळसा,
तिसऱ्यात चेहऱ्याच्या जागी मातकट डाग,
सातव्यात ती.
प्रेम कुठवर आलंय ते चित्रावरून कळलं पाहिजे,
असं दिग्दर्शकाचं म्हणणं.
"हातात जरा ओढ दिसू दे."
संधिवात आहे, तो चालेल का, मी विचारलं.
फक्त ध्वनिवाला हसला,
त्याच्या कानाला यंत्र होतं म्हणून त्याला ऐकू गेलं.

खुर्चीतली मुलगी नटी नव्हे.
नटी गाडीत, उबेत.
ही डागमारा. उंची तेवढीच, केस तसेच,
म्हणून दिवे जागच्या जागी लागेपर्यंत
तिच्याऐवजी बसते.
मान वळवून, हनुवटी खाली,
दोन दोन तास.
तिचं नाव शेवटच्या पाट्यांत येणार का
हे तिने विचारलेलं नाही. मीही नाही.

आणि जिचं हे चित्र, ती मिल्दा.
हेरिंग खारवायची.
तिच्याबद्दल उरलंय ते चित्रकाराच्या हिशेबवहीत:
मिल्दा, नऊ दिवस, साडेचार रूबल.
त्याखालीच: सफेदा, सहा रूबल.
म्हणजे तिच्यापेक्षा
तिच्या गालावरचा पांढरा महाग.

मूळ चित्रात तिचा डावा कान लाल आहे.
सगळी पटकथा त्या कानाला लोंबकळते.
लाज, म्हणे. पहिली कबुली.
तिसऱ्या अंकात तो तिथे काही कुजबुजतो,
व्हायोलिन सुरू होतं.

मी विशीत अकादमीत मॉडेल म्हणून बसायचे,
बुटांच्या पैशांसाठी.
तारेचा हीटर डावीकडे.
एक अंग भाजायचं, दुसरं गारठायचं,
पायाला मुंग्या,
आणि समोरचे पंधरा जण
माझ्या चेहऱ्यावर
काय काय वाचत असायचे.

कानाचा शॉट शेवटच्या दिवशी.
मी कलावाल्याला विचारलं,
या खोलीत शेगडी कुठे होती?
"इथेच होती, डावीकडे. कॅमेऱ्याच्या आड येत होती,
काढून टाकली."

मग मी लाल घेतला.
थोडा. पाळीच्या कडेने,
वर जास्त, खाली कमी,
जसा जाळ लागतो तसा.
दिग्दर्शक पुटपुटला, हां, हीच ती ओढ.

डागमारा ओठ न हलवता म्हणाली,
"हलू का?"
कट झालेलं नव्हतं.
केसाळ हाताने कुंचला खाली ठेवला.
हल गं, मी म्हटलं.
तिने आधी पाय झाडला,
मग इतका वेळ दिव्यासमोर असलेला कान
तळहाताने झाकला.
तेवढा तुकडा त्यांनी कापला असेल.

स्पिरिटने केस निघतात, सगळे नाही.
सोमवारी वर्गात पहिल्या बाकावरचा
म्हणाला, बाई, तुमच्या बोटाला
कुणाचा तरी केस आहे.
असू दे, म्हटलं, जुन्या कामावरचा आहे.
वह्या उघडा. आज कान काढायचाय,
शेजारच्याचा.
आणि पेन्सिल टेकवायच्या आधी
खोलीत हीटर कुठल्या बाजूला आहे
ते बघून घ्या.